कंसातलं नाव

उदगीरला समुद्र नाही. त्या वर्षी तर नळालाही पाणी नव्हतं, समुद्राचं कुठं काढता. तरी त्या गावात समुद्रातल्या गोगलगायींचे एक तज्ज्ञ राहत होते, आणि गावानं त्यांचं तज्ज्ञपण बिनतक्रार मान्य केलं होतं, कारण तपासून बघणारा दुसरा कुणी नव्हता. गुरुलिंग धनुरे त्यांचं नाव. कॉलेजात प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख. पोरं पाठीमागं शंखोबा म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

त्याचं असं झालं, बाहत्तरच्या दुष्काळानंतर सर पोरांची सहल घेऊन रत्नागिरीला गेले. पोरं लाटांत डुंबत होती आणि सर पिठाच्या चाळणीनं वाळू चाळत बसले होते. चाळणीत जोंधळ्याच्या दाण्याएवढे शंख राहिले. ते घेऊन घरी आले, पुढची दोन-तीन वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले, मिळतील तेवढी पुस्तकं मागवून ताडून पाहिली, आणि शेवटी छापून सिद्ध केलं की ही गोगलगाय आजवर कुणीच नोंदवलेली नाही. नाव द्यायचा मान त्यांचा. स्वतःचं नाव स्वतःच द्यायचं नसतं, तसा रिवाज नाही त्या लोकांत. मग त्यांनी बायकोचं दिलं. बायको दानम्मा, गोगलगाय दानम्मी.

"अय्यो, पाटल्या न्हाईत, गोठ न्हाईत, अन् गोगलगाय," एवढंच दानम्माबाई बोलल्या. पण शेजारणींना सांगायला त्या विसरल्या नाहीत.

आता इथं जरा थांबून एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचा जळफळाट कळायचा नाही. प्राण्याचं शास्त्रातलं नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द प्रजातीचा, ते आडनाव धरा. दुसरा त्याचा स्वतःचा. आणि त्यापुढं, ज्यानं ते ठेवलं त्याचं नाव येतं. म्हणजे जगात कुणीही त्या गोगलगायीबद्दल लिहायला बसलं की त्याला 'दानम्मी धनुरे' असंच लिहावं लागणार. सरांनी पुढं काही शोधलं नाही. घर, परीक्षा, पेपर तपासणं, यातच वर्षं गेली. पण दरसाल नव्या वर्गापुढं ते एकदा फळ्यावर ते नाव पूर्ण लिहायचे, पुढं नीट स्वल्पविराम देऊन साल घालायचे, आणि मागं सरून बघायचे.

सिंधु सोनकांबळे त्यांचीच विद्यार्थिनी. शिरूर अनंतपाळची, बाप टपालखात्यात. छप्पन साली घर बौद्ध झालं तेव्हापासून त्या घरात एकच ध्यास, पोरांनी शिकायचं. तशी पोर शिकली. बी.एस्सी.ला विद्यापीठात पहिली आली तेव्हा सरांनी गावभर पेढे वाटले, आणि बक्षीस म्हणून तिला काडेपेटीत कापूस घालून त्याच रत्नागिरीच्या वाळूतले थोडे शंख दिले. येईल त्याला सांगायचे, "आमची सिंधु."

सिंधु औरंगाबादला गेली, प्राणिशास्त्रात डॉक्टर झाली, नांदेडला कॉलेजात लागली. तोवर सगळं गोड होतं. मग तिचा एक लेख परदेशात छापून आला आणि सरांनी तो स्टाफरूममध्ये कुणाला दाखवला नाही. दुसरा आला तेव्हा त्यांनी तो वाचून काढला, चुका शोधल्या, सापडल्या नाहीत, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. 'आमची सिंधु' होती ती तेव्हापासून 'ती सोनकांबळे' झाली. माणूस वाईट नव्हता हो. पण आपण ज्या पायरीवर दहा वर्षं बसून राहिलो ती पायरी ओलांडून कुणी वर निघालं की बसल्या जागी टोचायला लागतं, तसं त्यांचं झालं.

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं उलटली होती आणि उदगीरकरांचं पोटात दुखणं काही थांबलं नव्हतं. जिल्हा करायचा तर आमचा करायचा, आमच्याकडं किल्ला, आमच्याकडं रेल्वे, असं जो तो म्हणायचा. पत्त्यावर उस्मानाबादऐवजी लातूर लिहिताना हात जड व्हायचा. त्यात पाऊस सालामागून साल दगा देऊन राहिलेला. टँकर आला की गल्लीत भांडणं, गेला की धूळ.

अशा मार्चच्या उन्हात सिंधु नांदेडहून एसटीनं आली ती हातात पाण्याचा कॅन घेऊनच. "काकू, गोदावरीचं आहे," म्हणाली. दानम्माबाईंनी तो कॅन असा घेतला की जणू माहेराहून कुणी फराळ आणलाय. लगेच त्याच पाण्याचा चहा टाकला. सरांना तेही खुपलं. नांदेडला नदी आहे हे सांगायला कॅन कशाला पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं.

"सर, तुमच्या दानम्मीचं एक काम होतं," सिंधु म्हणाली. "मी रत्नागिरीला जाऊन जिवंत गोळा केल्या. वरून जुन्या घराण्यातल्याच वाटतात, पण जिभेवरचे दात अगदी निराळे आहेत. अन् शंखाच्या तोंडाशी आतून एक बारीक कड आहे, ती त्या घराण्यात कुणालाच नाही. नवी प्रजाती करावी लागेल, सर."

सरांनी कप बशीत ठेवला. ती कड त्यांनी पाहिली होती. वर्षानुवर्षं पाहिली होती, आणि शंखाचा दोष समजून सोडून दिली होती. आणि नियम काय, तर गोगलगाय नव्या प्रजातीत गेली की दुसरा शब्द तोच राहतो, पहिल्या शोधकर्त्याचं नावही राहतं, पण ते कंसात टाकायचं. वाचणाऱ्याला कळावं, की ह्या गृहस्थांनी ठेवलं होतं, पण चुकीच्या घरात ठेवलं होतं.

"म्हणजे मी कंसात," सर हसून म्हणाले. हसले कसले, दात दाखवले.

"नियमच आहे ना सर. नाव कुठं जात नाही."

"न्हाई जात. आमच्या पत्त्यातनं उस्मानाबाद तरी कुठं गेलं? जुन्या पाकिटांवर हायच की."

सिंधुला ते टोचलं असेल, पण तिनं दाखवलं नाही. "फक्त मूळ नमुना एकदा द्या," ती म्हणाली. "माझ्या गोगलगायी अन् तुमची दानम्मी एकच, हे त्याच्याशी ताडल्याशिवाय म्हणता येणार नाही."

मूळ नमुना म्हणजे ज्या एका शंखावरून नाव ठेवलं तो. तसले हजार शंख असू द्यात, वाद पडला की साक्ष त्या एकाचीच. तो खरं तर कलकत्त्याच्या मोठ्या संग्रहालयात ठेवायचा. सरांचा जीव सुटला नव्हता, म्हणून त्यांनी पाठवलाच नव्हता. बारक्या काचेच्या नळीत, कापसाचा बोळा लावून, तो घरातच देवळीत विभूतीच्या डबीशेजारी ठेवलेला होता. सिंधु बसली होती तिथून हात लांबवला असता तर लागला असता.

"घर रंगवलं तवा कुठंतरी ठेवलाय," सर म्हणाले. "शोधतो."

दानम्माबाई कपबशा उचलायला आल्या होत्या. त्यांनी देवळीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, आणि कपबशा घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी नळी खिशात घालून सर कॉलेजात गेले. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक लाकडी कपाट होतं. त्यात साप, विंचू, बेडूक फॉर्मलीनच्या बरण्यांत बुडवून ठेवलेले. दार उघडलं की डोळे असे झोंबायचे की कुणी त्याच्या वाटेला जायचं नाही. सरांनी नागाच्या बरणीमागं नळी ठेवली आणि कुलूप घातलं. आता बघा, शंखशिंपले फॉर्मलीनजवळ ठेवू नका, त्याच्या वाफेत आम्ल असतं, ते चुन्याची चीज खाऊन टाकतं, हे सर दरवर्षी पहिल्याच आठवड्यात शिकवायचे. सिंधुलाही त्यांनीच शिकवलं होतं. पण त्या दिवशी डोक्यात दुसरं काही नव्हतंच. तिच्या हाती लागू नये, एवढंच होतं.

उन्हाळा तापला. कॉलेजातला शिपाई ग्यानोबा एकदा म्हणाला, "सर, त्या कपाटातल्या बरण्यांची झाकणं सुटल्यात, पाणी बी घालायला झालंय. पर पाणी आणू कुठून? पोरांस्नी प्यायला न्हाई."

"राहू दे," सर म्हणाले. "ते कपाट उघडूच नको."

सिंधु मे महिन्यात पुन्हा आली, आषाढात पुन्हा आली. दरवेळी कॅन घेऊन. सर दरवेळी म्हणायचे, शोधतो. हा शब्द त्यांना फार मानवला होता. नाही म्हणायचं पाप नाही, हो म्हणायचा त्रास नाही, आणि तिकडं नांदेडला तिचा लेख अडकून पडलेला. नमुना हरवला म्हटलं असतं तर नियमात त्यालाही वाट होती. पण 'शोधतोय' म्हटल्यावर तिला ना पुढं जाता येईना ना मागं. आपल्या एका शब्दावर एक नवी प्रजाती थांबलीय, या विचारानं सरांना किती दिवसांनी दुपारची झोप गाढ लागायला लागली. ती गेली की ते तिच्या पाण्याचा चहा पिणार नाहीत असं ठरवायचे आणि प्यायचे.

एकदा मोकळ्या वर्गात त्यांनी फळ्यावर ते नाव लिहिलं, आणि आपल्या नावाभोवती खडूनं कंस काढून बघितला. कसं दिसतं ते. दिसलं ते त्यांना बघवलं नाही. त्यांनी डस्टर न शोधता हातानंच पुसून टाकलं आणि दिवसभर शर्टाची बाही पांढरी घेऊन हिंडले.

दसऱ्याच्या सुमाराला सिंधु कॉलेजातच आली. बसलीही नाही.

"सर, माझे औरंगाबादचे मार्गदर्शक म्हणतात, आता थांबू नको. मूळ नमुना बघायला मिळत नाही म्हणजे दानम्मीची ओळखच पटत नाही, असं लिही अन् तुझ्या गोगलगायींना सगळंच नवं नाव दे. आडनावही अन् नावही."

"मग दानम्मी?"

"मग दानम्मी म्हणजे काय हे कुणालाच सांगता येत नाही, असा शेरा पडेल. तळटीपेत. मला नाही करायचं तसं सर. दिवाळीपर्यंत सापडला तर द्या. नाहीतर गेला म्हणून सांगा, मी नियमानं वाट काढते. पण आता शोधतो म्हणू नका."

ती गेली आणि सर तिचा एक शब्द घोकत राहिले. तळटीप. म्हणजे कंससुद्धा नाही. हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. एवढे महिने ते कंसात जायचं नाही म्हणून दार अडवून उभे होते, आणि ही बया घरच दुसरीकडं बांधायला निघाली होती. तिच्या नावानं जे बोलायचं ते मनातल्या मनात बोलून झाल्यावर त्यांनी किल्ली काढली. देऊन टाकू, म्हणाले. घाल म्हणावं कंस.

कपाट उघडलं. वास असा आला की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नागाच्या बरणीमागून नळी काढून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. आत शंख नव्हता. कापसावर चिमूटभर पांढरी भुकटी होती. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली घातली, हलक्या हातानं फिरवून बघितली. ना वळसा, ना तोंड, ना ती कड. विभूतीसारखी नुसती पूड.

सरांचे डोळे झोंबत होते म्हणून पाणी येत होतं, असं ग्यानोबाला वाटलं. त्यानं खिडक्या उघडल्या.

घरी दानम्माबाईंनी तोंड बघून विचारलं, "काय झालं?"

"गेला नमुना. कपाटात खाल्ला वाफेनं."

"देवळीत बरा व्हता की. कुणी हलवायला सांगितला?"

बाईंनी उत्तराची वाट बघितली नाही, कारण त्यांना ते मार्चपासूनच ठाऊक होतं. "जावा नांदेडला," त्या म्हणाल्या. "अन् कॅन तिचा तिला परत द्या. रिकामा देऊ नका, जवारी भरून न्या."

दुसऱ्या दिवशी मुखेडमार्गे जाणाऱ्या एसटीत धनुरे सर मांडीवर ज्वारीचा कॅन आणि खिशात भुकटी घेऊन बसले. वाटेत त्यांनी मनाशी बरंच काही जुळवलं. घरी डबा पडला म्हणावं. उंदरानं कुरतडलं म्हणावं. घर रंगवणाऱ्यांनी पायाखाली घातलं म्हणावं. नांदेड येईस्तोवर उंदीर पक्का झाला होता.

सिंधुच्या प्रयोगशाळेत दोन नळ होते आणि दोन्हींना पाणी होतं. सरांनी आधी ते बघितलं. मग नळी तिच्या टेबलावर ठेवली. "सापडला," म्हणाले, "पण असा."

सिंधुनं नळी उजेडात धरली. मग बोळा काढून तो नाकाशी नेला. ही सवय सरांनीच लावली होती, कुठलीही बरणी आली की आधी वास घ्यायचा. तिनं वास घेतला आणि बोळा हातात तसाच धरून ठेवला.

"सर, हा घरी नव्हता."

उंदीर कुठल्या कुठं पळाला. "नव्हता," सर म्हणाले.

"कधीपासून?"

"तू मागितलास तवापासून."

सिंधुनं खुर्ची ओढली आणि बसली. "माझं अख्खं वर्ष गेलं सर," ती म्हणाली. "मार्गदर्शक म्हणायचे, तुझे सर मुद्दाम करतायत. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, आमचे सर तसे नाहीत."

सरांनी कॅन पुढं सरकवला, मागं घेतला, पुन्हा पुढं सरकवला. आणि मग, जो शब्द टाळायला त्यांनी सारा उन्हाळा जाळला होता, तोच शब्द त्यांच्या तोंडातून आला.

"सिंधु, तळटीपेत घालू नको मला. कंसात ठेव."

ती उठली. सरांना वाटलं, चालली. पण तिनं कपाटाचा खण ओढला, आणि आतून एक काडेपेटी आणून टेबलावर ठेवली. वरचं चित्र फिकं झालेलं. आत स्वच्छ, कोरडा कापूस, आणि त्यावर जोंधळ्याच्या दाण्याएवढे शंख, काल वाळूतून उचलल्यासारखे तकतकीत.

"त्याच वाळूतले, त्याच दिवशीचे. तुम्हीच दिलेले," ती म्हणाली. "मूळ नष्ट झाला असं तुम्ही सांगितलंत, तर यातला एक नियमानं त्याच्या जागी उभा करता येतो. हे मार्चमध्येच करता आलं असतं, सर."

"नष्ट झाला," सर म्हणाले. "सांगितलं."

त्यांना सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. वाटलंही थोडं. पण डोळे होते काडेपेटीवर. आपण देवाशेजारी ठेवून शेवटी पूड केली, आणि हिनं काडेपेटीत ठेवून जपलं. नवा मूळ नमुना हिचा, निवडणारी ही, आणि कलकत्त्याला जाणार तोही हिच्या हातानं. सरांनी चहाला नाही म्हटलं आणि परतीची एसटी धरली.

लेख पुढच्या उन्हाळ्यात छापून आला. टपालानं आलेला अंक घेऊन सर ओट्यावर बसले. दानम्माबाई घागरी ओळीत लावून टँकरची वाट बघत होत्या.

"काय ठेवलं आडनाव?" त्यांनी विचारलं.

"अनंतपाला."

"शिरूर अनंतपाळचं? तिथं तर हंडाभर पाणी न्हाई, समिंदराच्या जनावराला नाव दिलं?" बाईंना ते आवडलं होतं. "अन् माझं?"

"हाय. अनंतपाला दानम्मी. तुझं उघड्यावर हाय. माझंच कंसात."

"आत हाय न्हवं? मग झालं."

सर पुढं वाचत गेले. जिभेचे दात, तोंडाची कड, चित्रं. काटेकोर लेख, एक शब्द इकडचा तिकडं नाही. मग मूळ नमुन्याचा परिच्छेद आला आणि ते थांबले. बाईंनी काय म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी मराठीत करून सांगितलं.

"लिव्हलंय, मूळ नमुना प्राध्यापक धनुरे यांनी आपल्या घरी अखेरपर्यंत जपला. दुष्काळातल्या उन्हाळ्यात तो नष्ट झाला."

कपाट नव्हतं. फॉर्मलीन नव्हतं. नागाची बरणी नव्हती. त्या सबंध लेखात एवढंच एक वाक्य खोटं होतं, आणि जी पोरगी पुराव्याशिवाय ओळ लिहायची नाही तिनं ते लिहिलं होतं, जगभर वाचायला.

"पोरीनं झाकलं तुमचं," दानम्माबाई म्हणाल्या.

"हाव."

गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. बाईंनी घागर उचलून कडेवर घेतली आणि जाता जाता वळून विचारलं, "मग आता तरी तिच्यावर जळायचं थांबलं का न्हाई?"

सरांनी अंक मिटून मांडीवर ठेवला. त्या बाईशी आजवर ते पुष्कळ खोटं बोलले होते, पण आज जमेना.

"न्हाई," ते म्हणाले. "आता लई जास्त जळून राहिलो."